किती झिजवायचं ते आधी ठरवा

कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतून एका भगिनीचं पत्र आलंय. थोडक्यात देते.

‘काकू, आमचं घर साठेक वर्षांचं. सोप्यात शहाबादी, माजघरात मोझाइक, देवघरात पांढरा संगमरवर आणि माडीवर नक्षीच्या रंगीत फरश्या आहेत. २०१९ च्या महापुरात खालच्या खोल्यांत कमरेएवढं पाणी होतं, २०२१ मध्ये पुन्हा आलं. तेव्हापासून फरशीचं तेज गेलं ते गेलंच, आणि भिंतीच्या कडेनं पांढरी पूड उठते. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे, देवकार्य घरीच करायचंय. एका कंत्राटदारानं घर फिरून बघितलं आणि फरशी, सागवानी दरवाजे, झोपाळा, पितळेची भांडी, देव्हाऱ्यातले टाक अशा सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगितला. निम्मे पैसे आधी द्या, आठ दिवसांत घराचा आरसा करतो, म्हणाला. आमचे मालक म्हणतात, एवढा खर्च करण्यापेक्षा वरून व्हिट्रिफाइड टाइल्स टाकून मोकळं होऊ. सासूबाई म्हणतात, देवांना मशीन लावू देणार नाही. माणूस पारखायचा कसा, तेवढं सांगा.’

ताई, आधी सासूबाईंचं ऐका. या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे.

माझं माहेर गंगावेशीतलं. देव्हाऱ्यात चांदीचे पाच टाक होते, त्यातला जोतिबाचा सगळ्यात जुना. भावाच्या लग्नाआधी आईनं टाक फडक्यात बांधून माझ्या हातात दिले आणि ‘जरा उजळून आण’ म्हणाली. मी ते एका बफिंगवाल्याकडे नेले आणि त्याला सांगितलं, ‘चकचकीत झाले पाहिजेत.’ अर्ध्या तासात काम झालं. घरी आल्यावर आईनं जोतिबाचा टाक उचलला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात तिरका धरून बराच वेळ बघत राहिली. घोडा होता, पण लगाम नव्हता. घोड्याच्या मानेवर केसांच्या बारीक रेघा होत्या, त्या जागी सपाट चकाकी आली होती. देवाचे डोळे म्हणजे दोन गुळगुळीत उंचवटे झाले होते. आई काही बोलली नाही, टाक जागेवर ठेवून दिले. त्या माणसानं मला फसवलं नव्हतं. मी जे मागितलं तेच त्यानं दिलं. माझं मागणंच चुकलं होतं, आणि ते मला आजही लागतं.

टाक म्हणजे पातळ पत्र्यावर उठवलेलं काम. कापडाचं चाक मिनिटाला हजारो फेरे घेत फिरतं, त्यावर मसाल्याची वडी टेकवलेली असते, आणि त्या मसाल्यातले कण चांदी खातात. आधी उंचवटे झिजतात, आणि उंचवटे म्हणजेच नाक, डोळे, लगाम. शिवाय खोबणीत बसलेला जो काळेपणा आपल्याला मळ वाटतो, त्याच्यामुळेच तर चेहरा उठून दिसतो. तो गेला की उरलेलं कामही डोळ्यांना दिसेनासं होतं.

पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावतात, अशी आपली समजूत असते. लाकडाला लावतात हे खरं, पण त्याच्याही आधी तासतात. दगड आणि धातू यांची चमक तर निव्वळ झिजवून येते. कोल्हापुरातल्या माणसाला झीज म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. अंबाबाईच्या मूर्तीच्या झिजेची काळजी गावानं किती वर्षं केली आहे! म्हणून तर मूळ मूर्तीऐवजी उत्सवमूर्तीवर अभिषेक होतात. २०१५ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी त्या मूर्तीवर काम केलं ते संवर्धनाचं, म्हणजे आहे ते टिकवण्याचं. घरातल्या वस्तूंनाही तोच विचार लावा. कंत्राटदाराला ‘किती चकाकेल’ विचारण्याआधी ‘किती झिजेल’ ते विचारा. या एका प्रश्नावर समोरचा माणूस कसा बोलतो, त्यावरून अर्धी पारख होते.

आता फरशी. तुमच्या घरात चार जातीच्या फरश्या आहेत आणि चारींना एकच हात चालणार नाही.

शहाबादी आणि संगमरवर दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. मोझाइक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराची खडी, म्हणजे तेही त्याच कुळातलं. या तिन्हींना ॲसिड चालत नाही. देवघरात पाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा. तेवढीच जागा मळकट दिसेल, बोटाला खरखरीत लागेल. लिंबानं एवढं होतं, तर संडास धुवायच्या ॲसिडनं काय होईल? तरीही ‘आधी ॲसिड मारून घेतो, मळ लगेच सुटतो’ म्हणणारे पुष्कळ आहेत. मळ सुटतो, आणि त्याच्याबरोबर दगडाचं वरचं कातडंही सुटतं. जो माणूस पहिल्याच भेटीत ॲसिडची बाटली काढायची गोष्ट करेल, त्याला चहा पाजून निरोप द्या.

माडीवरच्या नक्षीच्या फरश्यांना मशीन लावूच नका. त्या सिमेंटच्याच असतात, पण रंगाचा थर वरचे तीन-चार मिलिमीटर, आणि साठ वर्षांच्या पावलांनी त्यातला काही आधीच नेलाय. मशीनच्या जाड दगडाचा एक कट, म्हणजे घासाईचा एक फेरा, बसला तर नक्षी अंधूक होईल, दुसऱ्याला खालचं करडं सिमेंट वर येईल. अशी फरशी आता सहज मिळत नाही, मिळाली तरी तुमच्या रंगाशी जुळेलच असं नाही. साध्या साबणाच्या पाण्यानं मऊ ब्रशनं घासायची, पाणी साचू द्यायचं नाही, पूर्ण वाळली की पातळ मेण हातानं चोळायचं. एवढंच काम आहे, आणि ते घरच्या दोन माणसांचं आहे. त्याचे पैसे कुणाला देऊ नका.

मोझाइकवर मात्र मशीन शोभतं. त्याचा वरचा खडीचा थर साधारण पाच-सहा मिलिमीटरचा असतो, त्यामुळे नीट केलेली घासाई तो आयुष्यात काही वेळा सोसतो. नीट म्हणजे कशी? पहिला कट साठ नंबरच्या आसपासच्या दगडानं (नंबर जेवढा लहान, तेवढा दगड खरखरीत). त्यानं उंचसखलपणा आणि खोल मळ जातो आणि बारीक भोकं उघडी पडतात. ती भोकं फरशीच्याच रंगाच्या सिमेंटच्या पातळ रबडीनं भरायची आणि ती रबडी दोन-चार दिवस ओली ठेवून मुरू द्यायची. मग एकशेवीसचा दगड, मग तीनशेवीसचा, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडच्या पावडरीनं घोटाई. हे एक ॲसिड इथं चालतं, कारण ते नेमक्या प्रमाणात घासून लावतात आणि दगडाच्या चुन्याशी मिळून वर एक पातळ थर धरतं. ही पावडर दिसायला साखरेसारखी असते आणि विषारी आहे. लग्नघरात लहान मुलं फिरत असतात, तिचा डबा स्वयंपाकघराच्या आसपासही येता कामा नये.

कंत्राटदारानं आठ दिवस सांगितले, ते इथंच फसतात. रबडी मुरायलाच दोन-चार दिवस जातात. घाई करणारा माणूस मधला दगड गाळतो, साठवरून एकदम तीनशेवीसवर उडी मारतो. तेव्हा फरशी चमकते, पण संध्याकाळी दारातून आडवं ऊन आलं की गोल गोल ओरखडे दिसतात. ते नंतर पुसून जात नाहीत.

ओली फरशी सगळीच चमकते हेही ध्यानात असू द्या. काम झालं की पाणी मारून ‘बघा वहिनी, कसं दिसतंय’ म्हणतात आणि हात पुढं करतात. पैसे त्या वेळी द्यायचे नाहीत. फरशी दोन दिवस कोरडी होऊ द्या, मग सकाळी खिडकीचा उजेड तिरका येतो तेव्हा गुडघ्यावर बसून बघा. गरम पाण्यात थोडा साबण घालून एका कोपऱ्यात फडकं जोरानं चोळून बघा. चमक फडक्यावर आली तर ती मेणाची होती, दगडाची नव्हे. मेण वाईट नाही, पण मेणाचे पैसे मेणाएवढे असावेत.

आता ती पांढरी पूड, जिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. सगळ्यात आधी बघायची गोष्ट ती आहे. पुराचं पाणी ओसरलं तरी भिंतीत आणि फरशीच्या खालच्या भरावात ओल राहते. ती वर येताना मातीतले, चुन्यातले क्षार विरघळवून आणते. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर बसतात. हाच खार. मशीननं तो घासून निघतो, पण ओल खाली असेल तर दोन महिन्यांत परत येतो. आणि त्यावर कुणी सीलर किंवा इपॉक्सीचा थर मारला तर ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. शहाबादीचे तर पदरच असतात, ते पहिले सुटतात.

एक साधी चाचणी करा. जाड प्लॅस्टिकचा दीड फुटाचा चौकोन फरशीवर ठेवा, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद करा आणि एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. उचलल्यावर खाली दव धरलेलं दिसलं किंवा फरशी गडद दिसली, तर ओल आहे. मग आधी मोरीचा पाइप, गच्चीचं पन्हाळ, मागल्या बोळातली गटार, कुठून पाणी मुरतंय ते शोधायचं. पूड पाण्यानं धुऊ नका, ती विरघळून पुन्हा आतच जाते. कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत भरून बाहेर टाका. आणि भिंतीच्या तळाला तैलरंग असेल तर तो खरवडून काढा, भिंतीला श्वास घेऊ द्या. चाचणीत दव आलं, तर खालच्या खोल्यांची घासाई लग्नानंतर उन्हाळ्यात करा. पाहुण्यांना थोडी मळकट फरशी चालते. लग्नात चकाकणारी आणि आषाढात फुटणारी फरशी तुम्हाला चालणार नाही.

यातच तुमच्या मालकांना उत्तर आहे. वरून व्हिट्रिफाइड टाकली तर ओल कुठं जाणार? ती भिंतीत चढेल. शिवाय फरशी दीड-दोन इंच वर येईल, सगळे सागवानी दरवाजे खालून कापावे लागतील, उंबरे बुजतील. व्हिट्रिफाइडचा पृष्ठभाग एकदा खराब झाला की घरी घासून परत येत नाही, मोझाइक येतं. मालकांना हे शांतपणे दाखवा. खर्चाची त्यांची काळजी खोटी नाही, म्हणूनच मी काम कमी करायला सांगतेय.

फरशीच्या कामाबद्दल आणखी थोडं. घासाई ओलीच झाली पाहिजे. कोरड्या घासाईची धूळ फुप्फुसात बसते. दगडाच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि तो आधी त्या कामगार पोराला होतो. ओल्या घासाईतून जी राखाडी रबडी निघते ती मोरीत सोडू देऊ नका. ती सिमेंटसारखी घट्ट बसते आणि पाइप फोडावा लागतो. सुपलीनं गोळा करून पोत्यात भरायची आणि त्यांनीच न्यायची, हे आधी बोलून घ्या. पाण्यात उभं राहून विजेचं मशीन चालवायचं असतं, तेव्हा घरात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का आणि अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनला दाखवा. मोठ्या मशीनला थ्री फेज लागतं का तेही विचारा. आणि कोपरे, पायऱ्या, भिंतीकडची पट्टी, इथं मोठं मशीन पोचत नाही, हातमशीन लागतं. दर ठरवताना हे गाळलं की शेवटी ‘ते वेगळं’ होतं.

लाकडाकडे येते. हा माझा आवडता विषय आहे, पण तुमचं काम इथं तुलनेनं सोपं आहे.

दरवाज्याच्या मागच्या बाजूला, बिजागरीजवळ, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर धरा. पॉलिश चिकट होऊन कापसाला लागलं तर ते लाखेचं आहे. साठ वर्षांपूर्वीचं सागवान असेल तर बहुधा तसंच निघेल. लाखेची मोठी सोय ही, की जुन्या थरावर नवा थर एकजीव होतो. सगळं खरवडायची गरज नसते. सुती कापडानं मळ काढायचा, बारीक पॉलिश पेपरचा हलका हात मारायचा आणि वरून चपडा लाखेचे हात द्यायचे. आमच्या घरी एक वयस्कर मिस्त्री यायचे. कापसाचा बोळा मलमलीत बांधायचे, बोटानं दाबून बघायचे की पॉलिश फक्त झिरपतंय, ठिबकत नाही, तळाला तेलाचं बोट लावायचे आणि आठच्या आकड्यात हात फिरवत जायचे. फळीवर बोळा कधी थांबवायचे नाहीत. थांबला की तिथं चिकटतो आणि डाग राहतो. दिवसाला दोन-तीन हात, त्याहून जास्त नाही. असा माणूस मिळाला तर त्याच्या वेळेनं काम करू द्या.

पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, म्हणजे प्लॅस्टिकसारखा कठीण थर, मारतो म्हणणारे जास्त भेटतील. झोपाळ्याला ते चालेल, रोज बसायचं असतं, घाम-पाणी लागतं, आणि पीयूवर पाण्याचे डाग पडत नाहीत. पण पीयू चढवायचं तर खालचं सगळं पॉलिश पूर्ण काढावं लागतं, आणि पुढं एका जागी खरचटलं तर तेवढीच जागा दुरुस्त होत नाही. कोरीव चौकटीला मी लाखच सांगेन. खरवडण्यासाठी कुणी कॉस्टिक सोडा वापरतो म्हणाला, तर सागवानाला नको म्हणा. लाकूड काळवंडतं आणि खोबणीत राहिलेला सोडा नंतर पॉलिश उचलतो.

तुमच्या एखाद्या दारावर जुना तैलरंग असेल तर मात्र सावध राहा. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी लागू झाले. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं. तो रंग मशीननं कोरडा घासला तर ती धूळ घरभर बसते. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ती सगळ्यात घातक. असा रंग रसायनानं सोलून, ओला ठेवून खरवडायचा, आणि ते दार शक्यतो परड्यात नेऊन. आणखी एक गोष्ट पॉलिशवाल्यांनाही सांगावी लागते. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. एकेक पसरून वाळत घालायची, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाकायची.

पितळेचं लवकर सांगते. चुंबक लावून बघा. चिकटला तर वर नुसता मुलामा आहे, चाकावर तो उडून जाईल. पातेल्याला आतून कल्हई असेल तर आत बफ लागू द्यायचा नाही, कारण कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, तो निघून गेला की आंबट पदार्थ पितळेला लागतो. बाहेरून बफ, आतून नव्यानं कल्हई, असं ठरवा. उद्यमनगरात बफिंगची कामं करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांचा हात कास्टिंगच्या आणि मशीनच्या भागांवर बसलेला असतो. जाड समई, घंगाळ, बंब त्यांना द्या, हरकत नाही. ज्या भांड्यांवर ठिपक्यांनी नावं टाकली आहेत ती वेगळी काढा. आजेसासूबाईंचं नाव असलेला तांब्या घरीच चिंच-मिठानं घासा आणि लगेच स्वच्छ धुऊन कोरडा करा.

म्हणजे बघा, कंत्राटदाराच्या यादीतून माडीची फरशी गेली, टाक गेले, नावांची भांडी गेली, दारांचं काम निम्मं झालं, आणि खालची फरशी त्या प्लॅस्टिकच्या चौकोनावर अवलंबून राहिली. उरलेल्या कामाला एक ठोक आकडा देणारा एकच माणूस नकोय तुम्हाला. फरशीवाला वेगळा, लाकडाचा मिस्त्री वेगळा, भांड्यांचा वेगळा. दगड घासणारा आणि लाखेचा बोळा फिरवणारा यांचे हात वेगळे असतात. सगळं घेणारा माणूस शेवटी तीन माणसंच आणतो, फक्त ती कोण आहेत ते तुम्हाला कळत नाही.

माणूस बघायला त्याचं कालचं काम बघू नका, दोन-तीन पावसाळे झालेलं बघा. काल केलेलं सगळ्यांचंच चांगलं दिसतं. त्या घरच्या बाईला विचारा की पूड परत आली का, कोपरे कसे केले, जाताना घर कसं ठेवून गेले. मग त्याला तुमच्या घरी बोलवा आणि गप्प राहून बघा. फरशीला हात लावतो का, खाली वाकतो का, पूर कितीपर्यंत आला होता असं स्वतःहून विचारतो का. ज्यानं तुमच्याकडे चार प्रश्न विचारले आणि एका गोष्टीला ‘हे नका करू’ म्हटलं, तो माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पसंत पडला की दिवाणाखालच्या जागेत दोन फूट बाय दोन फुटाचा नमुना करून घ्या, सगळे दगड लावून, शेवटच्या घोटाईपर्यंत. त्याचे पैसे द्या. फुकट नमुना मागितला की तो फुकटासारखा होतो. तो तुकडा वाळल्यावर पसंत पडला तर कागदावर लिहा, ‘या नमुन्याप्रमाणे’. त्याच कागदावर क्षेत्रफळ, किती कट, कोणते नंबर, कोपरे-पायऱ्या धरून की सोडून, गाळ कोण नेणार. मोजमाप दोघांनी मिळून टेपनं करा. काहीजण ब्रासमध्ये बोलतात. फरशीच्या हिशेबात एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. निम्मे पैसे आधी कशाला? मशीन त्याचं, दगड त्याचे. सामानापुरती थोडी उचल द्या, पहिल्या कटानंतर काही, घोटाईनंतर काही, आणि एक हिस्सा फरशी वाळून तुम्ही गुडघ्यावर बसून बघेपर्यंत हातात ठेवा. बिल मागा. काही बिघडलं आणि गोष्ट ग्राहक आयोगापर्यंत गेलीच, तर तुमच्याकडे तो कागद आणि ते बिल असलं पाहिजे.

वेळेचं असं. दसऱ्याआधी लाकडाला हात लावू नका, दमट हवेत लाख पांढुरकी पडते. परतीचा पाऊस गेला की आधी फरशीचे जाड कट, कारण त्याचे शिंतोडे भिंतीवर गुडघ्यापर्यंत उडतात. मग भिंतीचा रंग, मग दारं आणि झोपाळा, आणि सगळ्यात शेवटी फरशीची घोटाई. दिवाळीच्या आठवड्यात कामगार मिळत नाहीत, तो धरूच नका. मार्गशीर्षापर्यंत हे सगळं आरामात बसतं, फक्त फरशीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. लग्नसराईच्या तोंडावर चांगला माणूस मोकळा नसतो.

टाकांचं सासूबाईंवर सोपवा. रिठे रात्री कोमट पाण्यात भिजत घालायचे, सकाळी कुस्करून फेस गाळून घ्यायचा. एकेक टाक त्यात बुडवून जुन्या धुवट मलमलीनं फक्त टिपल्यासारखा पुसायचा, चेहऱ्यावरून बोट दाबून न्यायचं नाही. टूथपावडर नको, राख नको. खोबणीतला काळेपणा राहू द्यायचा. साध्या पाण्यातून काढून, कोरड्या फडक्यावर पालथे घालून, उन्हात नाही, सावलीत वाळवायचे. एखाद्या टाकाचा पत्रा फाटला असेल किंवा कडी सुटली असेल, तर गुजरीत ओळखीच्या सराफाकडे सासूबाईंना घेऊन जा, आधी वजन करून घ्या, आणि ‘फक्त झाळ लावून जोडा, उजळू नका’ असं त्यांनाच सांगू द्या.